पाणी खाली गेलंय का?

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सैन्यात उभं आयुष्य गाड्या दुरुस्त केल्या. शेवटची बदली लखनौच्या छावणीत झाली. निवृत्तीनंतर साताऱ्याला परतायचं सोडून त्यांनी इथंच एक जुना ट्रक घेतला आणि बदली झालेल्या साहेबलोकांचं सामान पोचवायला लागले. पुढं नजर अधू झाली, तसा ट्रक माझ्याकडे आला. मी वाढलो तो इथंच. आई गेल्यावर घरात मराठी उरलं ते अण्णांपुरतं, आणि माझं मराठी म्हणजे निम्मी हिंदीच.

गेल्या उन्हाळ्यात ट्रक तापायला लागला. रेडिएटर साफ करून आणला, पाण्याचा पंप नवा टाकला, पाइप बदलले. राहिला तो वाल्व. इंजिन गरम झालं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. उलटा बसला तर सगळी मेहनत फुकट. अण्णा म्हणाले, "त्यो मी बसवणार."

मी वैतागलो. ज्या माणसाला ताटातली भाजी कोणती ते विचारावं लागतं, तो वाल्व बसवणार! पण ते हटून बसले. बोटांनी चाचपत, कड पुसत, अर्धा तास लावून त्यांनी तो बसवला. मग हात धुऊन स्वतःहून दुसरा चहा मागितला. इतकं खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मी जानकीपुरमपर्यंत चक्कर मारून यायला निघालो. परतताना काटा लालवर. थांबत थांबत कसाबसा घरी पोचलो. इंजिन निवल्यावर मी रेडिएटरचं झाकण काढलं. अण्णा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते.

"पाणी खाली गेलंय का रं?"

मी वाकून पाहिलं. वीतभर आत पाणी चमकत होतं. "नाही, खाली नाहीये."

"नक्की?"

"अहो अण्णा, मला दिसतंय ना!"

हे मी मुद्दाम म्हणालो. घामानं निथळत होतो, चिडलो होतो, आणि आंधळ्या हट्टापायी दिवस वाया गेला असं वाटत होतं. झाकण लावून मी इंजिन सुरू केलं. थोड्या वेळानं त्यांनी उठून वरच्या पाइपला हात लावला, तो तापला होता. मग खालच्या. तो थंड होता. त्या थंड पाइपवर त्यांनी हात बराच वेळ ठेवला.

"पाणी भरलेलं, पंप नवा, रेडिएटर साफ," ते म्हणाले. "मग वाल्वच उलटा बसलाय. माझ्याच हातनं."

मी म्हणालो, "मी सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आलमबागच्या एका मिस्त्रीकडे नेला. वाल्व उलटा लागलाय, खोलून सीधा कर, म्हणून सांगितलं. त्यानं खोलला, बघितला आणि हसला. "भैया, वाल्व तो एकदम सही लगा है। जिसने लगाया, हाथ पक्का है उसका।" वाल्व परत बसवून त्यानं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. ट्रकचं तोंड चढाकडे करून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुड करत हवा निघत राहिली, तो पाणी घालत राहिला. "हवा फँसी थी। पानी एक बित्ता नीचे था, आपने देखा नहीं?"

पाहिलं होतं की, वीतभर खाली. मी पाहिलं होतं आणि नाही म्हणालो होतो. अण्णांनी विचारलं होतं, पाणी खाली उतरलंय का. मी ऐकलं होतं, रेडिएटर हिंदीतला खाली, म्हणजे रिकामा, झालाय का. चाळीस वर्षं एका घरात राहिलो आम्ही, आणि एवढा एक शब्द आमचा एक नव्हता.

घरी आलो तेव्हा अण्णांनी नट आवळायचे सगळे पाने तेलाच्या फडक्यानं पुसून, जुन्या चादरीत बांधून माळ्याखाली ठेवले होते. मी दारातूनच ओरडत सुटलो, "अण्णा, वाल्व सही था! मिस्त्री भी बोला, हाथ पक्का है! ग़लती मेरी थी!"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लहानपणापासून बघतोय," ते म्हणाले, "खोटं बोलायचं असलं की तू माझ्याशी हिंदीत बोलतोस."

मग मी मराठीत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द जुळवत. खाली म्हणजे काय, मी काय समजलो, पाणी कुठं होतं. जितकं नीट सांगायला जात होतो, तितकं ते वाटेत पाठ करून आणल्यासारखं वाटत होतं. मलाच ऐकू येत होतं ते.

"बरं," अण्णा म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माळ्यावर टाक ते गाठोडं. माझा हात पोचत नाही."

थंडीत अण्णा गेले. त्याआधी आणखी दोनदा मी तो विषय काढला. दोन्ही वेळा ते बरं म्हणाले, आणि दोन्ही वेळा मला दिसलं की ते माझी समजूत काढत होते.