आमची शाकाहारी गौर

आमच्या घरची गौर शाकाहारी आहे, हे मुरबाडपासून टोकावड्यापर्यंतच्या भावकीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, असं माझा मुलगा पाहुण्यांना सांगतो. खोटं आहे ते. ही परंपरा मी सुरू केली, एका दुपारी, घाबरून.

तोवर गौरीच्या जेवणाला माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, मुठ्यांचा रस्सा आणि वडे करायची. मुठे म्हणजे भातशेताच्या बांधातले खेकडे. बिळात हात घालून ती स्वतः काढायची. त्या वर्षी माझ्या कचेरीतले साहेब दर्शनाला आले. दारातच त्यांनी नाक आक्रसलं. मी म्हणालो, "शेजारी शिजतंय, साहेब. आमची गौर शाकाहारी." साहेब प्रसन्न झाले. पुढच्या वर्षीही येतो म्हणाले.

मग काय, पुढच्या वर्षी मी वहिनीचे मुठे बंद केले. घरच्यांना शास्त्र म्हणून चार श्लोक ऐकवले. त्यातले दोन मंगलाष्टकांतले होते, पण कोणी हरकत घेतली नाही. पुरणपोळ्या झाल्या. साहेब काही आले नाहीत. संध्याकाळी टोकावड्याच्या ढाब्यावर भेटले. त्यांच्या हातात कोंबडीची तंगडी होती. माझ्याही.

वहिनी तेव्हा एवढंच म्हणाली, "माहेरवाशीण हाये ती, भावजी. माहेरी येऊन डाळ खायाची तिनं?" आणि त्या वर्षापासून गौरीच्या दिवशी ती जेवेनाशी झाली. कोणी विचारलं तर उपास म्हणायची. मी चारचौघांत तिच्या भक्तीचं कौतुक करायचो. इतका निर्लज्जपणा मला कुठून सुचला, देव जाणे.

यंदा ती म्हणाली, "भावजी, एकदा तिला पोटभर जेवू घालू द्या. पुढल्या साली मी असन, नसन."

मी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. मुलगा मला समजावू लागला. "बाबा, तुम्हाला आता आठवत नाही. आपल्याकडे पहिल्यापासून शुद्ध असतं. तुम्हीच तर सांगितलंत."

"मीच सांगितलं, म्हणून तर खोटं आहे!"

"बीपीची गोळी घेतलीत का?"

मी उठलो. रस्त्याकडेला मुठे विकायला बसलेल्या बाईकडून टोपलीभर मुठे आणले. वहिनीनं मागच्या पडवीत चूल पेटवली. वास घरभर फिरला तशी मुलानं खिडक्या उघडल्या आणि दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

ताट घेऊन मी गौरीपुढे गेलो. सून म्हणाली, "बाबा, निदान आधी फोटो तरी होऊ द्या. ग्रुपवर टाकायचाय." मी पुरणपोळीचं ताट बाजूला सरकवलं आणि रश्श्याचं ताट मधोमध ठेवलं. फोटो काढायचा राहिला.

वहिनी दारात पदराला हात पुसत उभी होती. "वाढलंत तिला?"

"वाढलं."

"मंग आता मला वाढा," ती खाली बसत म्हणाली. "भूक लागलीय."