सविताच्या कार्डावरचे पाच

नवऱ्याला मी सगळं सांगितलं आहे, अगदी लग्नाआधी मला आलेल्या एका चिठ्ठीबद्दलही. हे तेवढं नाही. तुम्हालाच का सांगते आहे? बहुतेक तुम्ही सविताला ओळखत नाही म्हणून.

नव्वदच्या दशकात पुसेगावजवळच्या आमच्या माळावर मुली गोल्फ खेळायच्या, हे आज हिंगोलीतही कुणाला पटणार नाही. सुभेदारकाका फौजेतून निवृत्त होऊन आले ते जुन्या काठ्यांची एक पिशवी घेऊन. तिकडे त्यांनी अधिकाऱ्यांच्या बायका खेळताना पाहिल्या होत्या. "पोरींना ह्या खेळात पुढं लई जागा होऊन राहिली," म्हणायचे. चेंडू पाडायला त्यांनी मुरमात पाच पत्र्याचे डबे पुरले आणि आम्हा सात-आठ जणींना उभं केलं. गाव हसलं. गुरं आडवी आली की खेळ थांबायचा.

सविता तांड्यावरची. मी गावातली, बागायतदाराची. आमची जोडी होती. तिचा चेंडू सरळ डब्याकडे जायचा, माझा बोरीच्या काट्यांत. मला राग यायचा का? यायचा. पण काटे टोचत तोच चेंडू काढून द्यायलाही तीच यायची.

मग पुण्याच्या मुलींच्या शिबिरासाठी एक जागा आली. काकांनी स्पर्धा ठेवली – जिचे फटके कमी, ती जाणार. गोल्फमध्ये एक रीत आहे. आपलं कार्ड आपण लिहायचं नाही, जोडीदारणीनं लिहायचं. आपण तपासून सही करायची. झाले त्याहून कमी फटके लिहिलेल्या कार्डावर सही केली, तर खेळाडू बाद. काकांनी हा नियम एकदाच सांगितला होता. माझ्या तो बरोबर लक्षात राहिला.

चौथ्या डब्यापाशी तिचे सहा फटके झाले. काका तिथंच उभे होते, मोजत होते – हे मी पाहिलं, आणि तिच्या कार्डावर पाच लिहिले.

चूक झाली नाही. मी लिहिले.

शेवटी कार्ड तिच्यापुढं धरलं. ती वाचू शकत होती, माझ्याच वर्गात होती. "तू लिवलंस ना? मंग काय बघायचं," म्हणाली आणि सही केली. सहा धरूनसुद्धा ती माझ्यापुढंच होती.

काकांनी कार्ड पाहिलं. पाच कुणी सांगितले, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "तिनंच सांगितले." काकांनी सविताला बाद केलं. तिनं वाद घातला नाही. तांड्यावरची पोरगी खोटं बोलली, हे गावाला पटायला वेळ लागणार नव्हता – आणि हेही मला आधीच ठाऊक होतं. ती पुन्हा माळावर आली नाही.

मी पुण्याला गेले. दोन हजारनंतर मुलींच्या स्पर्धा वाढल्या, शिकवणाऱ्या बायकाही लागायला लागल्या. मी तेच करते. कार्ड वाचल्याशिवाय मुलींना सही करू देत नाही. मॅडम फार कडक आहेत, असं पालक कौतुकानं म्हणतात. मी ऐकून घेते.

त्या स्पर्धेनंतर काही वर्षांनी सेनगावच्या बाजारात सविता भेटली, कडेवर लेकरू. विषय तिनंच काढला. "माझ्याच तोंडातून पाच निघाले आसतील गं. तुला उगं तकलीफ झाली तवा."

इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. तिथं तरी सांगता आलं असतं, नाही का? मी म्हटलं, "व्हय, जाऊ दे आता." तिनं माझ्या पिशवीत हरभऱ्याची एक जुडी टाकली आणि ती गेली.

चौथ्या डब्यापाशी चेंडू उचलताना ती मला म्हणाली होती, "सहा झाले माझे. बराबर लिव."