हाकाला सामोरी

सुचित्रा दामले चाळिशी उलटल्यावर रग्बी खेळायला लागली, तेव्हा सिंगापूरच्या सेरंगूनमधल्या मराठी मंडळींना हसू आवरलं नव्हतं. आठवडाभर चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत आकडे तपासणारी ही बाई शनिवारी गुडघे फोडून घरी यायची. कुणी टोकलंच तर म्हणायची, "गुडघे माझेच आहेत ना?"

तिच्या संघात नायरी होती. न्यूझीलंडची मूळनिवासी माओरी, इथे शाळेत शिकवणारी, हनुवटीवर घराण्याचं गोंदण मिरवणारी. वडील गेले तेव्हा गावाने शवपेटीसमोर हाका, म्हणजे माओरींचं आरोळ्यांचं समूहनृत्य, केला, त्याचा व्हिडिओ तिने एकदा सुचित्राला दाखवला. माणसं पाय आपटत होती, छाती बडवत होती आणि रडत होती. सुचित्राला तोवर हाका म्हणजे सामन्याआधी समोरच्या संघाला दिलेलं आव्हान, एवढंच ठाऊक होतं. "मैदानावरही आम्ही पूर्वजांना सोबत घेऊनच उभे राहतो," नायरी म्हणाली होती.

म्हणूनच बँकेच्या वार्षिक पार्टीत, डिनर अँड डान्समध्ये हाका करायचा घाट सुचित्राच्या साहेबाने, विक्रांतने घातला आणि तो शिकवायला तिला सांगितलं, तेव्हा ती मीटिंगमध्येच म्हणाली, "मी शिकवणार नाही."

"अगं, गंमत आहे. मार्करने तोंडावर गोंदण काढू, जिभा बाहेर काढू. रग्बी तूच खेळतेस ना इथे?"

"म्हणूनच नाही म्हणतेय. तुझ्या वडिलांच्या तेराव्याला जे म्हटलं, ते कुणी दारू पिऊन स्टेजवर नाचत म्हटलं तर चालेल तुला?"

विक्रांतचा चेहरा उतरला. पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बाकीचे यूट्यूबवरून शिकले.

"अप्रेझल तोंडावर आलंय," नवरा, सारंग, घरी म्हणाला. "त्या दिवशी आजारी पड."

"मी धडधाकट आहे. जाणार."

आणि ती गेली. जेवणं चालू असताना मंडळी स्टेजवर आली. गालांवर काळ्या रेघा, कमरेला गवताच्या झालरी. लोक आधीपासूनच हसत होते. पहिली आरोळी उठली तशी सुचित्राने खुर्ची मागे सारली, टेबलांमधून वाट काढत ती स्टेजसमोर गेली आणि ताठ उभी राहिली. मैदानावर हाका चालू असतो तेव्हा समोरचा संघ असाच उभा राहतो. हसत नाही, हटत नाही, नजर वळवत नाही.

विक्रांतने जीभ बाहेर काढली. ती बघत राहिली. जीभ आत गेली. त्याच्यामागे नाचणारी जाई थबकली आणि हाताने गाल पुसायला लागली. दुसऱ्याचे पाय चुकले. हॉलमधला हशा विरत गेला आणि शेवटी कुणीतरी गाणं लावलं.

सोमवारी विक्रांतने तिला केबिनमध्ये बोलावलं. "सगळ्यांदेखत शोभा केलीस माझी."

"मी एक शब्द बोलले नाही."

"माफी मागशील?"

"नाही."

महिन्याभरात तिच्या हातातलं मोठं काम दुसऱ्याकडे गेलं. अप्रेझल बेताचंच झालं. सुचित्रा मात्र रोज त्याच टेबलाशी बसून, मान वर ठेवून काम करत राहिली.

नायरीला ही हकिकत बाहेरून कळली. शनिवारी मैदानावर तिने सरळ विचारलं, "माझ्यासाठी केलंस?"

"नाही. मला नुसतं बसून बघवेना."

नायरीने मान डोलावली. मग चेंडू काखेत घेऊन ती सुसाट तिच्या अंगावर धावून आली, आणि सुचित्राने तिला आडवं केलं.