बर्फाच्या खणातल्या माश्या

थंडीनं उताणी पडलेली माशी किती वेळात उठून उभी राहते, हे बघत बसायचा माशीबाईंना पगार मिळायचा. हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. सासरे निवृत्त शिंपी, हातात सदानकदा माश्या मारायची जाळी, आणि नशिबात अशी सून!

"लोक बसून माश्या मारतात," ते म्हणायचे, "आमची सूनबाई बसून जगवते."

एकदा प्रयोगशाळेतला एसी बंद पडला आणि उकाड्यानं माश्यांच्या बाटल्याच्या बाटल्या गेल्या. एकच वाचली, ती नेमकी चटकन उठणाऱ्या फळमाश्यांची. पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेला वाण! बाईंनी ती जिवापाड जपत घरी आणली, ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेल्या.

सासऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. बाटलीच्या तळाशी काहीतरी खायचं दिसलं, आणि खायची वस्तू उघड्यावर राहिलेली त्यांना खपायची नाही. फ्रिज भरलेला, म्हणून बाटली गेली थेट बर्फाच्या खणात.

"बाबा, माझ्या माश्या!" बाईंनी बर्फाच्या खणातून बाटली ओढून काढली.

"मेल्या? मग बरंच झालं की..." सुनेच्या डोळ्यांत पाणी बघून म्हाताऱ्याची जीभ अडखळली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी माश्या ताटलीत ओतल्या, वर दिवा धरला. सासरे चष्मा लावून वाकले.

"ऊठ गं बाई," ते कुजबुजले. "ऊठ, राणी!"

एकीचा पाय हलला. मग दुसरीचा. एक तर चक्क उभीच राहिली.

"उठली! पट्ठी उठली!" सासरे टाळ्या पिटत उड्या मारायला लागले, सूनही. आणि या धांदलीत, अर्धं आयुष्य माश्यांत घालवलेल्या बाई ताटलीवर झाकण ठेवायचं विसरल्या.

सगळ्या भुर्र!

"अंडी घालणारी एक मादी मिळाली, तरी वाण वाचेल," बाई हसत की रडत, कोण जाणे, म्हणाल्या.

सासऱ्यांनी पिकलेलं केळं अंगठ्याला चोपडलं आणि श्वास रोखून बसले. बऱ्याच वेळानं एक माशी अंगठ्यावर उतरली.

"काय करतेय ही?"

"चव घेतेय. माश्या पायांनी चव घेतात."

"घे म्हणावं, पोटभर घे."

बाईंनी अलगद बाटली उपडी घातली. भिंगाखाली पाहिलं: मादी, पोट अंड्यांनी टच्च भरलेलं. वाण वाचला! बाकीच्या निसटल्या त्या निसटल्याच.

परवा शेजारी गप्पा मारायला आले. केळ्यांवर माशी भिरभिरताना दिसली, तशी त्यांनी जाळी उचलली. सासऱ्यांनी झडप घालून त्यांचा हात धरला.

"थांबा हो! सूनबाईला विचारू दे. आपली असायची."