चुलीवरचे टायर

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे माझ्या थोरल्या साडूंना मान्य आहे. पण तिला टायर कुठले बसवलेत हे कळेपर्यंत ती किती दिवस फिरेल याची हमी द्यायला ते तयार नाहीत. तारकर्लीला माडांच्या बागेत त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. बिचारा पाहुणा सकाळी बोटीची वेळ विचारायला येतो आणि सायकलच्या सरावाचा टायर जाड का असावा, शर्यतीचा पातळ आणि मऊ का, हे ऐकून थेट दुपारी जेवायला बसतो. "डॉल्फिन खंय पळान जातत?" साडू म्हणतात, "आदी हो टायर दाबून बगा." पाहुणा अंगठ्याने दाबून बघतो. न दाबणाऱ्याच्या वाटीत सोलकढी जरा पातळ येते, असं माझं निरीक्षण आहे.

टायर विकत घेताना साडू तो सुरमई घेतल्यासारखा घेतात. उलटा करतात, दाबतात, वास घेतात, तोंड वाकडं करतात आणि पुढच्या दुकानात जातात. आमच्या रस्त्यांवर जांभ्याची खडी, शिंपल्यांचे तुकडे आणि माशांचे काटे एवढे, की टायर टिकाऊ हवा याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण रुंदी पंचवीस मिलिमीटर की अठ्ठावीस, यावर त्यांनी एक अख्खा उन्हाळा खर्ची घातला. शेवटी गावातल्या सोयरिकी आणि जमिनींचे प्रश्न जिथे सुटतात तिथे, म्हणजे देवळात, कौल लावायला गेले. देवाच्या अंगावर चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. गुरव वैतागून म्हणाला, "देवाक मिलीमीटर कित्याक सांगतास? बारीक घेव काय, इतक्याच इचारा." विचारलं. फूल डावीकडे पडलं. साडूंच्या मनात बारीकच होता, त्यामुळे फूल नीट चिकटलं नव्हतं अशी तक्रार झाली. पुन्हा लावलं, पुन्हा डावीकडे. तिसऱ्या खेपेला देवच कंटाळला आणि फूल उजवीकडे पडलं.

हा सगळा खटाटोप दर हिवाळ्यात मालवणहून निघून आत डोंगराकडे चढत जाणाऱ्या सायकल शर्यतीसाठी. गंमत अशी, की या शर्यतीत साडू कधी उतरलेच नव्हते. नाव द्यायची वेळ यायची तेव्हा टायरचा निर्णय अजून व्हायचाच असे. माझी मेव्हणी शेवटच्या चढावर उभं राहायचं म्हणून कोकम सरबत करून ठेवायची आणि दरवर्षी ते आम्ही घरीच प्यायचो. मग डॉक्टरांनी साडूंचा गुडघा तपासला आणि सांगितलं, एवढा हिवाळा चालवा, पुढे चढ कायमचे बंद. त्या दिवशी साडू टायरबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, तेव्हा मला खरी भीती वाटली.

या खेपेस मात्र त्यांनी नाव दिलं. शर्यतीचे मऊ टायर त्यांनी पावसाआधीच आणले होते. ते खाऱ्या, दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून आमच्याकडे जपायची वस्तू जिथे जाते तिथेच गेले: चुलीवरच्या बांबूच्या मांडणीवर, कोकमाची सोलं आणि सुक्या बांगड्यांच्या शेजारी. पावसाळाभर त्यांना धूर आणि शेक मिळाला. शर्यतीच्या सकाळी साडूंनी ते चाकांवर चढवले, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि पंप मारायला घेतला. असा बार उडाला की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. दुसरा टायर बघितला, तर तो भाकरीसारखा तडकलेला. अंगणभर सुक्या बांगड्यांचा वास सुटला. साडू पायरीवर बसले. "झाला," ते म्हणाले, "आता ह्या जन्मात नाय."

मेव्हणी पडवीतून सरावाच्या जाड टायरांची चाकं घेऊन आली. "ह्येंच्यार रोज बाजारातसून मासळी हाडतास. एकदा तरी पंक्चर होवन वाटेत रवलात?"

"ते शर्यतीचे न्हय गो."

"मगे बसा थयच. पण माजा सरबत मी आज घराक पिवचंय नाय."

साडू उठले आणि त्यांनी चाकं बदलली.

ते सगळ्यांत शेवटी आले. शेवटच्या चढावरचा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती, लाऊडस्पीकर बंद झाला होता, आणि मेव्हणी पेला धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. साडू सायकलवरून उतरले. पेल्याकडे न बघता ते आधी वाकले आणि त्यांनी मागचा टायर अंगठ्याने दाबला. "आजून खूप चलतलो हो," ते म्हणाले. मेव्हणीने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि सायकल धरली. मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की मी टाळ्या वाजवायच्या विसरलो.

हल्ली ते सपाटीवरूनच फिरतात. कधी मीही सोबत असतो. पहिला चढ दिसला की साडू उतरतात, टायर दाबून बघतात आणि म्हणतात, "आज नको. टायर जपूक व्हयो." टायर ठणठणीत असतो. मीही वाकतो, अंगठ्याने दाबतो आणि म्हणतो, "व्हय. जपूक व्हयो." मग आम्ही दोघे माघारी वळतो.