बिनआवाजाचा सिनेमा

नाताळ जवळ आला की तो भोकरदनहून आमच्या गावात येशूचा सिनेमा दाखवायला येतो. एक पाय पोलिओनं वाळलेला, काखेत कुबडी. सिनेमाचा आवाज बंद ठेवून सगळ्यांची बोलणी तो स्वतःच आपल्या बोलीत म्हणतो आणि दर वाक्यामागं "बराबर?" विचारतो. लंगडा चालू लागतो तो प्रसंग मात्र हसत पुढं पळवतो. मला तो जरा आगाऊच वाटायचा.

यंदा गावातल्या अण्णांच्या अंगणात पडदा लावला होता. वेड्याचा प्रसंग आला. गाववाले त्याला साखळीनं बांधतात, येशू त्याला सोडवतो. बांधलेला वेडा पाहूनच बाया डोळे पुसू लागल्या. त्यानं चित्र तिथंच थांबवलं आणि टेबलावरचं सिनेमाचं मशीन गर्रकन अण्णांच्या गोठ्याकडं फिरवलं.

गोठ्यात अण्णांचा धाकटा भाऊ बांधलेला असतो. डोकं फिरलं तेव्हापासून. सगळ्या गावाला माहीत आहे.

"पडद्यावरच्यासाठी रडून राह्यले तुम्ही," तो म्हणाला, "मंग ह्याची साखळी तुम्हाला दिसत न्हाई. बराबर?"

अण्णा खाली बघत होते. उजेड सहन होईना म्हणून भावानं डोळ्यांवर हात नेला, आणि त्या बिनआवाजाच्या सिनेमात साखळी खळकन वाजली.