आठवा तुकडा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही कारण नंतर सुचलेलं? असेल. मला कारणं नंतरच सुचतात.

मी एका विद्यापीठात वनशास्त्र शिकवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्याची नाही. लाकूड हा माझा विषय. कोणत्या झाडाचं लाकूड आहे ते तुकड्यावरून ओळखणं — रंग, रेषा, वजन, छिद्रं आणि वास. हे पाचही मी पुस्तकातून शिकले. शालिनी नाही.

शालिनी एमएस्सीला माझ्याबरोबर, एकाच वर्गात शिकत होती. नांदगाव पेठची, बौद्ध घरातली. वडील तिथल्या कापड कारखान्यात कामाला. परतवाड्याच्या लाकूड डेपोत आमची सहल गेली होती, तेव्हा तिथल्या मजुरांनी गंमत म्हणून तिचे डोळे रुमालाने बांधले आणि एकेका ओंडक्याची ढलपी काढून तिच्या नाकाशी धरली. तिने एकही चुकवला नाही. शेवटी एक म्हातारा मजूर म्हणाला, “हे पोरगी रानात जन्मली असन.” सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसापासून आम्हाला लाकूड शिकवणारे सर प्रत्येक तुकडा आधी तिच्या हातात द्यायचे, मग माझ्या.

हा मत्सर होता, हे सांगायला इतकी वर्षं लागतात का? मला लागली.

पुढे मला कायम नोकरी लागली. तिला नाही. मी अर्ज केला त्या वर्षी तिचे वडील अंथरुणाला खिळले होते, तिने अर्जच भरला नाही. मग अठरा वर्षं ती अमरावतीच्या दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. दर जूनला नव्याने नेमणूक, मार्चला सुट्टी. लग्न झालं, मुलगी झाली, पीएचडी झाली. आमची मैत्री टिकली. तिच्या बाजूने ती खरी होती.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली आणि बरी झाली. त्यानंतर वर्षभराने एका रविवारी सकाळी ती माझ्या अमरावतीच्या घरी आली होती. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, ती खाली माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. करपल्याचा वास मला जिन्यात आला. खाली आले तर वरण जळून काळं झालेलं, आणि ती गॅसपासून हातभर अंतरावर उभी, निवांत.

माझा चेहरा पाहून तिला कळलं. म्हणाली, “मले वासच येत नाही वं. वर्ष झालं. कोणाले सांगू नको.”

मी सांगितलं नाही. हा शब्द मी पाळला — तंतोतंत पाळला. तेच तर सांगायचं आहे.

त्याच वर्षी आमच्या विभागात सहायक प्राध्यापकाची जाहिरात निघाली. जागा एक, खुली. विषय लाकूड. वयोमर्यादेत बसायची शालिनीची ही शेवटची जाहिरात. तिने अर्ज केला, मला विचारून केला. मी तिची शिफारसही केली, विभागप्रमुखांकडे, चांगल्या शब्दांत. ते म्हणाले, मुलाखतीत एक छोटी परीक्षा ठेवू, आठ तुकडे, एकेकाला अर्धा मिनिट. तुकडे तुम्ही काढा मॅडम, संग्रह तुमच्याच ताब्यात आहे.

मी सात तुकडे काढले. साग, शिसम, बीजा, धावडा, ऐन, तिवस, सालई. आठव्यासाठी कपाटापुढे बराच वेळ उभी राहिले. मी काय शोधत होते? असं काही, जे नाक असणाऱ्या कुणालाही कळेल. अगदी शिपायाला. अगदी लहान मुलाला.

मी चंदन काढलं. बोटाएवढा तुकडा, फिकट पिवळा. दिसायला हळदूसारखा — हळदूचं लाकूडही असंच पिवळं, असंच गुळगुळीत. भिंगातून पाहिलं तर फरक कळतो. वर्गात मी मेजावर भिंग ठेवतेच. त्या दिवशी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. इतक्या लहान तुकड्याचं वजन हातात कळत नाही. मग मी पटाशीने त्याची कड जराशी तासली. खोली दरवळली. विभागप्रमुख आत आले आणि हसून म्हणाले, हा तर फुकटचा मार्क झाला. मी म्हटलं, एखादा सोपा असू द्या सर, उमेदवार घाबरलेले असतात.

अकोल्याला, आमच्या विभागातच मुलाखती झाल्या. शालिनीचा नंबर तिसरा. तुकडे हातात देणारी मीच होते. पहिले सात तिने रेषांवरून, वजनावरून, नख रुतवून बरोबर सांगितले. सालईसुद्धा. तिच्या आधीच्या दोघांना चारच्या वर जाता आलं नव्हतं. बाहेरून आलेले तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकले होते. एकवार मला वाटलं, पुरे, आठवा देऊ नये. हात मागे घेता आला असता. घेतला नाही.

तिने तो नाकाशी नेला. सवयीने — की आम्ही पाहतो आहोत म्हणून? मग माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

“हळदू,” ती म्हणाली.

मग तज्ज्ञ हसत म्हणाले, “मॅडम, तुमच्या घरी देवपूजा होत नाही का?”

ती खरं तेच बोलली. “नाही सर.”

त्या उत्तरानंतर त्यांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी ठरवलेली नव्हती. पण ती पाहून मला वाईट वाटलं नाही, हेही इथे नोंदवायला हवं. बरं वाटलं. आता माझ्यावर काहीच येणार नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आता विचारेल, असं धरून मी फोन उचलला. तिने विचारलं नाही. “तुयं नाव खराब केलं मी,” म्हणाली. मी शिफारस केली होती ना, म्हणून. मग म्हणाली, निकाल लागायचा आहे, तर वास येत नाही असं लिहून देऊ काय? डॉक्टरचा कागद आहे मायाजवळ.

कागद पुरेसा होता. विभागप्रमुख वाईट माणूस नाहीत, सात बरोबर त्यांनी स्वतः मोजले होते. तज्ज्ञांना पुन्हा विचारता आलं असतं. हे मला तेव्हाच माहीत होतं.

मी म्हटलं, “नको देऊ. एकदा कागदावर आलं का लाकूड शिकवाले कोणीच बोलावणार नाही तुले.”

“हो, बरोबर आहे तुयं,” ती म्हणाली.

नेमणूक दुसऱ्याची झाली. तो दीड वर्षात सोडून गेला. तोवर शालिनीचं वय निघून गेलं होतं. आता ती अमरावतीत एका शिकवणी वर्गात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दिवाळीला फोन करते.

चंदन न ओळखणाऱ्या पीएचडीचा किस्सा विभागात पहिल्यांदा मीच सांगितला, चहाच्या वेळी. चांगला जमला. तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी तो सांगते. नाव घेत नाही. मुलं सैलावतात, वर्ग हातात येतो.

यंदा तिच्या मुलीने आमच्याकडे प्रवेश घेतला. “माई पोरगी तुयाच हाताखाली शिकन,” शालिनी फोनवर म्हणाली, फार आनंदात होती. मुलगी आईसारखीच दिसते. पहिल्या प्रात्यक्षिकाला ती पुढच्या बाकावर, अगदी माझ्यासमोर बसली होती. तुकडे मांडून झाले. वर्ग शांत होता. किस्सा गाळता आला असता.

मी सांगितला. सगळी मुलं हसली. तीही हसली.